सीटखालचे तीन प्लग

इंजिन गार असू द्या. गाडी रात्रभर उभी आहे, पहाट झाली आहे, घरात कुणाला कुठे निघायची घाई नाही, अशी वेळ स्पार्क प्लग बदलण्याच्या या मननाला लागते. गार इंजिनाचं कारण आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मारुती व्हॅनच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आणि प्लगचे आटे पोलादाचे. तापलेल्या हेडमधून पोलादी प्लग घाईनं फिरवून काढला, तर येताना तो हेडचे आटेही ओरबाडून आणतो. प्लग थोड्या पैशांत मिळतो. हेडचे आटे गेले की काम जालन्याच्या लेथवर जातं. म्हणून वाट बघायची. सीट जरा उचलून हेडवर तळहात ठेवा. हाताला ते अंगणातल्या हवेइतकंच थंड लागलं, की सुरुवात करू. अजून ऊब असेल तर बसून राहा. ही वाट बघणंही कामातच धरायचं.

हसनाबाद, राजूर, भोकरदन या पट्ट्यात ज्याच्या दारात अजून जुनी व्हॅन उभी आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे. मारुती उद्योगानं ती १९८४ मध्ये आणली तेव्हा तिचं नाव नुसतं मारुती व्हॅन होतं. ओमनी हे नाव १९८८ मधलं. २०१९ मध्ये ती बनायची थांबली. मधल्या पस्तीस वर्षांत वस्तीवरची शाळेची मुलं, मोंढ्यात न्यायचा माल, अंगारकीला राजूरच्या गणपतीला निघालेलं घर, रात्री कळा सुरू झालेली लेक, हे सगळं तिनं त्याच सीटांवरून वाहिलं. मोठ्या मोटारींची कौतुकं खूप झाली. माझ्या मते मराठवाड्याच्या खेड्यांवर या डब्यासारख्या गाडीचे उपकार त्यांच्याहून जास्त आहेत, आणि तिच्याकडे एक पहाट शांतपणे बघणं आपल्याकडून राहून गेलं आहे.

आता पुढची सीट पूर्ण उलटून मागे टाका. खाली इंजिन दिसेल. ७९६ सीसी, तीन सिलिंडर.

हात लावू नका. नुसतं बघा.

अॅम्बेसेडरचं बोनेट उघडलं की माणूस ऐसपैस उभा राहून काम करतो, तिथे चारही बाजूंनी जागा असते. इथे इंजिन बसणाऱ्याच्या खालीच ठेवलेलं आहे. त्यामुळे आतली जागा मोठी झाली, माणसं जास्त मावली, आणि त्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याच्या मनगटानं चुकवली. भोवती पत्र्याची पेटी, मधून हवेची जाड नळी, पाण्याच्या नळ्या, केबली, तारा. हात आत जातो, पण मनगट पुरतं फिरत नाही. उभं राहून हे काम होत नाही. दाराशी दुहेरी पोतं टाका आणि गुडघे टेकून बसा. किल्ली काढून खिशात ठेवा.

खांदे खाली सोडा. दातावर दात असतील तर सैल करा. अडचणीच्या जागेत हात घालताना माणूस नकळत श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडला की मनगट ताठ होतं. पुढच्या तासाभरात हे अनेकदा होईल. प्रत्येक वेळी एवढंच करा: पाना सोडा, हात बाहेर काढा, श्वास पूर्ण सोडा, मग पुन्हा आत जा.

डेल्कोपासून, म्हणजे डिस्ट्रिब्युटरपासून, सुरुवात करा. त्याच्या टोपीतून जाड तारा निघतात. मधली कॉइलकडून येते, बाकीच्या तीन प्लगांकडे जातात. एक तार निवडा आणि नजरेनं तिच्यासोबत चालत जा. ती नळीच्या आड गेली, नजर अडली, तर तिथून पुढे बोट लावा. बोटानं ती जिथे पोचते तिथे तुमचा पहिला प्लग. तसंच दुसऱ्या तारेसोबत, तसंच तिसऱ्या. या इंजिनात ठिणगी पडते ती एक, तीन, दोन अशा क्रमानं. तारा एकदम उपटून ठेवल्या तर हा क्रम पुन्हा जुळवत बसावं लागतं. म्हणून आपण एका वेळी एकाच प्लगकडे जाणार आहोत. एक काढायचा, बघायचा, नवा बसवायचा, त्याची तार त्याला परत द्यायची. मगच पुढचा.

पहिल्या तारेची रबरी टोपी धरा. तार धरू नका, टोपी धरा. जरा पिळा, मग ओढा. ती सुटेल.

प्लगभोवतीच्या खळग्यात धूळ बसलेली असेल. काळ्या रानातली बारीक माती, तिच्यात तेलाचा ओशटपणा, कधी कापसाचा तंतू. प्लग काढल्याबरोबर तिथे उघडं भोक राहणार आहे आणि ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं. वरचा एक खडा आत पडला तर तो पिस्टन आणि बोअरच्या मध्ये जाऊन ओरखडे काढत राहील. त्यामुळे आधी झाडणं. जुना दात घासायचा ब्रश घ्या, आणि कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप. फुंकर तोंडानं मारू नका, धूळ डोळ्यांत येते. झाडा, पंप मारा, पुन्हा झाडा. हे काम कंटाळवाणं वाटतं तेव्हा त्यातली हालचाल आणखी लहान करा. खळग्याचा तळ हेडच्या धातूच्या रंगाचा दिसेपर्यंत.

प्लग पाना खाली उतरवा. तो प्लगच्या षट्कोनी भागावर पूर्ण बसला पाहिजे. अर्धवट बसलेला पाना तिरका होतो आणि आतली चिनी माती तडकते. ती तडकलेली दिसत नाही, पण ठिणगी मग त्या भेगेतून पळते आणि गाडी मिसिंग मारत राहते. पाना नीट बसला का, हे डोळा सांगू शकणार नाही, कारण तिथवर उजेडच जात नाही. इथे डोळे मिटा. खरंच मिटा. तळहात पान्याच्या मुठीवर, दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या दांड्यावर. हलकंच उजवी-डावीकडे हलवा. पाना खुळखुळतो आहे की धरून बसला आहे, ते बोटांना कळतं. कापूस वेचणाऱ्या बाईला पाहा: वाळलेल्या बोंडाची टोकं खिळ्यासारखी असतात, ती बोलत असते शेजारणीशी, आणि बोटं टोकांना चुकवत आत जाऊन सगळा कापूस एका ओढीत काढतात. तुमच्या बोटांतही ते डोळे आहेत. त्यांना उघडायला वेळ द्या.

आता जोर. प्लग सुटतो तेव्हा हाताला एक बारीक झटका जाणवतो, कधी कट्ट असा आवाज होतो. तिथेच थांबा. पुढचा पाव फेरा सावकाश. तो मोकळा जात असेल तर ठीक. करकरत, अडखळत असेल तर जबरदस्ती करायची नाही; थोडा परत आत फिरवा, आट्यांवर तेलाचा थेंब सोडा, पाच मिनिटं बाहेर बघत बसा. पूर्वेकडे उजाडत असेल. मग थोडा बाहेर, थोडा आत, थोडा बाहेर. अडकलेल्या आट्यात कचरा असतो, तो असा मागेपुढे केल्यानं सुटतो, रेटल्यानं आत रुतून बसतो.

प्लग हातात आला. उजेडात या. पायरीवर बसा.

त्याचं टोक बघा. मध्ये एक बारीक खांब आहे, त्याच्याभोवती चिनी मातीचं नाक, आणि वरून वाकून आलेली धातूची पट्टी. त्या खांबाच्या आणि पट्टीच्या मधल्या फटीत ठिणगी पडते. गाडी मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे या एका प्लगवर मिनिटाला १५०० ठिणग्या. सेकंदाला २५. तासाभरात ९० हजार. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीनं १० हजार किलोमीटर झाले असतील, तर हा प्लग सव्वादोन कोटी वेळा पेटला आहे. प्रत्येक वेळी काही हजार व्होल्टचा दाब, आणि समोर २००० अंशांच्या वर जाणारी ज्वाळा. ठिणगीगणिक धातूचा अंश उडतो. खांबाच्या कडा म्हणूनच गोल झालेल्या दिसतात. नव्या प्लगवर त्या धारदार असतात. धारदार कडेवरून ठिणगी सोपी उडते, गोल झालेल्या कडेवरून तिला जास्त व्होल्टेज लागतं. बोट फिरवून बघा.

इथे घाई करू नका. या सगळ्या कामात हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि गॅरेजात तो सर्वांत लवकर उरकला जातो. जुना प्लग काढला, कोपऱ्यात फेकला, नवा बसवला. जुन्या प्लगवर काय लिहिलेलं होतं ते कुणी वाचलंच नाही.

नाकाचा रंग बघा. फिकट तपकिरी, भाजक्या मातीच्या जवळ जाणारा असेल, तर आतलं जळणं बरोबर चाललं आहे. पांढराफटक, कडेला फोड आल्यासारखा असेल तर प्लग जास्त तापतो आहे: पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा ठिणगी वेळेआधी पडते आहे, किंवा चुकीच्या नंबरचा प्लग आहे. काळा आणि ओला, बोटाला तेल लागतं आहे, असं असेल तर रिंगा झिजल्या आहेत किंवा व्हॉल्व्हच्या बाजूनं तेल आत उतरतं आहे. तिथे नवा प्लग थोडे दिवसच टिकेल आणि तेवढ्या दिवसांत इंजिन उघडायची तजवीज करावी लागेल. गाडी गॅसवर चालत असेल तर नाक बहुधा स्वच्छ, फिकट निघतं, त्याला घाबरायचं कारण नाही. गॅसला पेटवायला मात्र ठिणगी जास्त जोराची लागते, म्हणून तिथे फट थोडी कमी ठेवतात.

आमच्या भागातल्या व्हॅनचा प्लग बहुतेक वेळा काळा आणि कोरडा निघतो. काजळी. बोटानं पुसली तर पुसली जाते. तिच्यामागे दोन कारणं असतात आणि दोन्ही आपल्या जगण्यातली आहेत.

पहिलं कारण धूळ. वस्तीवरचा रस्ता कच्चा, पुढे ट्रॅक्टर, मागे आपण. एअर फिल्टर भरत जातो, इंजिनाला हवा कमी पडते, कार्ब्युरेटर पेट्रोल देतच राहतो, आणि न जळलेलं इंधन काजळी होऊन नाकावर बसतं. दुसरं कारण लहान खेपा. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं की त्याच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. थंडीतल्या सकाळी चोक ओढून निघालेली गाडी वस्तीवरून शाळेपर्यंत जाते, मुलं उतरतात, गाडी बंद होते. टोक तेवढं तापतच नाही. दिवसभर अशाच खेपा. हीच व्हॅन एखाद्या दिवशी जालन्यापर्यंत दमदार पळवली, की तिचा आवाज मोकळा होतो, पिकअप सुधारतो, आणि गाडीवाला म्हणतो, आज गाडी खूश आहे. तो बरोबर बोलतो. प्लगनं वाटेत स्वतःला साफ केलेलं असतं.

म्हणून हातातल्या काजळीकडे रागानं बघू नका. कुणाला कुठे पोचवताना ती साचली, ते आठवा. कोणत्या रस्त्यावरची धूळ, कोणत्या सकाळचा चोक. एक चेहरा डोळ्यांपुढे येऊ द्या, दुसरा येऊ द्या. पुरे. मग प्लग कागदावर ठेवा आणि कागदावर एक असा आकडा लिहा, म्हणजे तिन्ही प्लग शेवटी ओळीनं लावून बघता येतील. दोन तपकिरी आणि एकच काळा निघाला तर दुखणं त्या एका सिलिंडरचं आहे. तिन्ही काळे असतील तर हवेच्या आणि पेट्रोलच्या मेळाचं.

नवा प्लग डबीतून काढा. मायकोचा असेल, असं आमचे मिस्त्री अजूनही म्हणतात. मायको म्हणजे १९५१ मध्ये सुरू झालेली बंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ पासून ती बॉश नावानं ओळखली जाते, पण गॅरेजच्या तोंडातलं नाव बदललेलं नाही. एका अर्थी प्लग आपल्या माहेरच्या नावाला परतला. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं १९०२ मध्ये उच्च दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याच्यासोबत हा प्लग तयार केला. त्याआधी १८६० मध्ये लेन्वार यानं आपल्या गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. आज तुमच्या तळहातावर आहे तो आकार त्या काळातल्या माणसानंही ओळखला असता. शंभर वर्षांत इंजिनातलं बाकी किती बदललं, हे जवळजवळ तसंच राहिलं.

नवा असला तरी फट मोजा. डबी कुठे पडली, कुठे आपटली, आपल्याला ठाऊक नसतं. या इंजिनाला ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. फीलर गेजचं पातं फटीत सरकवा. ते हलकं घासत जायला हवं: पडतं ढिलं नको, ओढून काढावं लागेल इतकं घट्टही नको. फट जास्त असेल तर वरची पट्टी एखाद्या सपाट धातूवर हलकेच टेकवून दाबा. कमी असेल तर पट्टीच बाहेर ओढा. मधल्या खांबाला टेकू देऊन कधी उचकटू नका, नाक तिथेच तडकतं. पुन्हा पातं सरकवा. घासणं ऐकू येत नाही, जाणवतं. जाणवेपर्यंत थांबा.

आणि आता तो क्षण, ज्याच्यासाठी एवढं हळू आलो.

प्लग आत बसवायचा आहे. भोक खोल आहे, हात तिथवर पोचत नाही, दिसत नाही. पान्यात प्लग घालून तो थेट फिरवला तर पान्याची मूठ लांब असल्यानं हाताला काहीच कळत नाही: प्लग तिरका लागला तरी पाना त्याला रेटून आत नेतो, आणि अॅल्युमिनियमचे मऊ आटे कापत जातो. पाना ताकद वाढवतो, त्या ताकदीत स्पर्श बुडतो. म्हणून पाना बाजूला ठेवा. पेट्रोलच्या पाइपाचा वीतभर रबरी तुकडा घ्या. त्याचं तोंड प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा. प्लग त्या नळीला लोंबू द्या आणि हळूच खळग्यात सोडा.

नळी अंगठा आणि तर्जनीत धरा. आधी उलटी फिरवा. हो, काढायच्या दिशेनं. सावकाश. एका जागी प्लग किंचित खाली पडल्यासारखा होईल, बोटांना टप्प असं जाणवेल. प्लगच्या आट्याचं तोंड आणि हेडच्या आट्याचं तोंड तिथे समोरासमोर आलं. तिथून सुलट फिरवा.

श्वास सोडा. फिरवा. फिरवा.

आटे जुळले असतील तर नळी विनातक्रार फिरत राहील, प्लग आपला आपण खाली जाईल. तिरका लागला असेल तर प्लग अडेल आणि नळी त्याच्यावर नुसती घसरेल. रबर तेवढाच जोर लावतं जेवढा बरोबर बसलेल्या प्लगला पुरतो. त्याहून जास्त मागितला की सोडून देतं. मी पाहिलेल्या सगळ्या अवजारांत मला हा रबराचा तुकडा सर्वांत शहाणा वाटतो, आणि तो दुकानात मागावा लागत नाही. घसरली तर रागावू नका. प्लग उचला, पुन्हा उलटा फिरवा, पुन्हा ती टप्प शोधा. ती सापडेपर्यंत तुमच्यापाशी दुसरं काम नाही. फोन वाजत असेल तर वाजू द्या.

नळीनं जाईल तेवढा आत गेला, तळाला टेकला, की नळी ओढून घ्या. आता पाना. नव्या प्लगला खाली वायसर असतं, ते दाबलं जाऊन बसायला हवं. हातानं घट्ट झाल्यावर साधारण अर्धा फेरा, आणि बस्स. तोच जुना प्लग साफ करून पुन्हा बसवत असाल तर त्याचं वायसर आधीच दबलेलं आहे. त्याला फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. वायसर नीट न दाबलेला ढिला प्लगही वाईट, कारण टोकाची उष्णता आट्यांतून आणि वायसरातूनच हेडकडे जाते. ती वाट सैल असेल तर टोक जळतं. मुठीच्या टोकाला धरून जोर लावू नका. पान्याच्या डोक्याजवळ हात धरा, म्हणजे हवा तेवढाच जोर लागेल.

टोपी परत बसवा. बसताना ती आतल्या टोकावर अडकल्याचं हाताला कळलं पाहिजे.

पहिला झाला. दुसरा आणि तिसरा तसेच, त्याच क्रमानं, तेवढ्याच वेळात. तिसऱ्याला मन पुढे धावतं, सेल्फ मारून बघायची ओढ लागते. ती ओढ आली की तिला बघा, आणि खळगा नीट झाडा. माझ्या बघण्यात आटे जातात ते बहुतेक शेवटच्याच प्लगचे.

तिन्ही झाले की कागदावरचे तीन जुने प्लग एकदा शेजारी शेजारी बघा. मग सीट जागेवर आणा. चोक लागला तर थोडाच ओढा. सेल्फ मारा आणि उतरून बाजूला उभे राहा. तीन सिलिंडरचं इंजिन थोडं डुलतच चालतं, त्याचा स्वभाव तो. त्या डुलण्यात एक ठोका हरवतो आहे का, ते ऐका. हरवत नसेल तर बंद करा, इंजिन पुन्हा गार झाल्यावर टोप्या एकदा दाबून बघा.

साध्या प्लगचं आयुष्य पक्क्या रस्त्यावर दहा ते वीस हजार किलोमीटर धरतात. आपल्याकडे रस्ता कच्चा आणि खेपा लहान, म्हणून दर पाच हजाराला ते काढून रंग बघा. तिन्ही काळे कोरडे निघाले तर नवे प्लग घ्यायच्या आधी एअर फिल्टर काढून झटका, आणि झटकूनही उजेडापुढे धरल्यावर आरपार दिसत नसेल, तर पहिला खर्च फिल्टरवर करा.